बोट सगळ्यात शेवटी घ्या : ट्यूनाची सहकारी संस्था काढायला निघालेल्या कोल्हापूरकरांना खुले पत्र

नियोजित संस्थेचे प्रवर्तक आणि शेअरचे पैसे भरायला तयार झालेली सगळी मंडळी, यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या बैठकीत मी मागच्या रांगेत बसलो होतो. कार्यक्रम संपत आल्यावर कुणीतरी मला ओळखलं आणि "आबा, तुम्ही पण दोन शब्द बोला" म्हणत माईक हातात दिला. तिकडे पानं मांडून झाली होती, पांढऱ्या रश्श्याचा वास हॉलभर फिरत होता. अशा वेळी कोल्हापुरात जो भाषण लांबवतो त्याला लोक जन्मभर विसरत नाहीत. मी शुभेच्छा देऊन खाली बसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी लिहितोय, की ते पाच-सहा जणांनी वाचून फायलीला लावू नये. पतपेढीतली ठेव मोडून शेअर घ्यायला निघालेल्या माणसाच्या हातातही ते पडावं.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल, हा कोण टिकोजीराव. आमचं घर पंचगंगेच्या काठचं, भोयांचं. वडील नदीत जाळं टाकायचे, मरळ आणि वांब विकायचे. १९७१ साली, सतराव्या वर्षी, मी मासळीच्या लॉरीवर क्लीनर म्हणून चढलो. राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, मालवणात टोपल्या भरायच्या आणि उजाडायच्या आत घाट चढून परत यायचं. एका रात्री लॉरी परत आली, मी आलो नाही. मालवणात खलाशी झालो, मग रत्नागिरीला मिरकरवाड्यात, मग मुंबईच्या ससून डॉकला ट्रॉलरवर. १९८१ च्या कायद्यानंतर परदेशी बोटी भाड्यानं आणून आपल्या समुद्रात चालवायची वाट कंपन्यांना मोकळी झाली. तसल्या एका तैवानी लाँगलाइनरवर, म्हणजे लांबच लांब दोरीला शेकडो गळ लावून मासे धरणाऱ्या बोटीवर, मी १९८६ साली गेलो आणि पुढची एकतीस वर्षं ट्यूनाच्या मागं फिरलो. मालदीव, फिजी, सेशेल्स. तीन देशांत भागीदारीत तीन धंदे उभे केले. त्यातला एक बुडाला, एक विकावा लागला आणि एक अजून चालू आहे. तो नेमका कुठला आणि का टिकला, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

तुमचा प्रकल्प अहवाल मी दोनदा वाचला. मुखपृष्ठावर बोटीचा झकास फोटो आहे. आत चार बोटींची किंमत, अनुदान, कर्जाचे हप्ते, "अपेक्षित उत्पन्न" सगळं आहे. मी त्यात 'बर्फ' हा शब्द शोधला. एकदाही नाही.

हवा तुमच्या बाजूनं आहे हे कबूल. एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माझगाव डॉकला सहकारी संस्थांना खोल समुद्रातल्या मासेमारीच्या बोटी दिल्या, एकीची किंमत १ कोटी २० लाख. नोव्हेंबरात केंद्राचे नवे नियम आले, त्यात किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या आपल्या हद्दीत मासे धरायला मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. सहकार म्हटलं की आपल्या लोकांचे कान टवकारतात. पण मी नीट वाचलं तेव्हा त्यात 'मच्छीमारांच्या' असं लिहिलेलं दिसलं. तुमच्या प्रवर्तकांच्या यादीत ऊस आहे, पेट्रोल पंप आहे, मंगल कार्यालय आहे. रोज खाऱ्या पाण्यात हात घालणारा माणूस मला एकही दिसला नाही. त्यावर पुढं येतो.

आधी मासा. बैठकीत एकानं विचारलं, "ट्यूना म्हणजे तो डब्यातला ना?" अहो, तो आपला कुपा आणि गेदर यांच्याच भावकीतला. मालवणात कुप्याला सुरमईच्या पंगतीला कुणी बसवत नाही. लाल मांस, उग्र वास, भाव कमी. आणि त्याच घराण्यातला पिवळ्या परांचा मासा परदेशात गेला की त्याचं सोनं होतं. हे गौडबंगाल काय, ते मला समजायला पंधरा वर्षं लागली. तुम्हाला फुकट सांगतो.

बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच गार असतं. ट्यूनाचं नसतं. त्याच्या शरीरात रक्तवाहिन्यांची अशी गुंफण आहे की पोहताना तयार झालेली उष्णता तो आत धरून ठेवतो. म्हणून तर तो एवढा वेगात आणि एवढा लांब पळतो. गळाला लागला की तो जिवाच्या आकांतानं झुंजतो, अंग आणखी तापतं आणि मांसात आम्ल साठतं. तसाच तो डेकवर तडफडत मेला आणि उन्हात पडून राहिला, तर मांस आतून शिजल्यासारखं होतं. फिकट, पाणचट, चवीला आंबूस. जपानी लोक त्याला 'याके' म्हणतात, म्हणजे भाजलेलं. चुलीवर न ठेवता भाजलेला मासा. आपल्याकडं तो जाळ्यात गुदमरून मरतो, डेकवर तासन्‌तास पडतो, आणि मग आपण म्हणतो कुपा हलका मासा.

नीट मारायचा तर असा. गळाशी ओढून आणल्यावर आकडा फक्त डोक्यात मारायचा, अंगाला भोक पडता कामा नये. डेकवर जाड गादी टाकून त्यावर हळू घ्यायचा. डोळ्यांच्या मधोमध टोच्या मारून मेंदू संपवायचा, त्याच भोकातून मणक्यात तार सारायची म्हणजे धडपड थांबते. बाजूच्या परांमागं चीर देऊन रक्त काढायचं, कल्ले आणि आतडी काढायची, धुवायचा, आणि बर्फ व खारं पाणी यांच्या रबडीत बुडवायचा. चांगल्या हाताच्या खलाशाला हे सगळं पाचेक मिनिटांत जमतं. एवढ्या मोठ्या माशाच्या गाभ्यापर्यंत गारवा पोचायला मात्र कित्येक तास लागतात, म्हणून बर्फात कंजुषी चालत नाही. आमचा हिशेब किलोला किलो, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त.

दुसरी भानगड हिस्टामाइनची. ट्यूना चार-साडेचार अंशांच्या वर रेंगाळला की जंतू त्यात हिस्टामाइन तयार करतात. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर पुरळ उठतं, डोकं ठणकतं. आणि हे विष एकदा झालं की शिजवून जात नाही, डब्यात घालून उकळून जात नाही, फ्रीजमध्ये ठेवून जात नाही. युरोपातल्या बंदरात तपासणीत एक खेप सापडली की पुढच्या प्रत्येक खेपेकडं संशयानं बघतात.

आता टोकियोची गोष्ट. २००२ साली फिजीतून मी स्वतःच्या माशामागं त्सुकिजीच्या बाजारात गेलो. तो बाजार आता तिथं नाही, २०१८ साली तोयोसूला हलला. पहाटे साडेचार, ओली फरशी, त्यावर ओळीनं मांडलेले मासे, प्रत्येकाच्या शेपटीपाशी एक चकती कापून ठेवलेली. खरेदीदार हातात विजेरी घेऊन फिरतात. शेपटीच्या चिरेत प्रकाश टाकतात, मांसाचा कण बोटांत चोळून चरबी बघतात. पोकळ सळई माशात घुसवून आतला नमुना काढायची रीत तर आम्ही बंदरावरही वापरायचो. मला आपले शाहूपुरीतले गुळाचे सौदे आठवले. रवा फोडून कणी बघणारा, जिभेवर ठेवणारा, काही न बोलता पुढं जाणारा तो अडत्या. तीच नजर, तोच माजोरी सुस्कारा.

माझा एक मासा ४६ किलोचा होता. आमच्या बोटीवरचा त्या फेरीतला सगळ्यात देखणा. मला खात्री होती तो पहिल्या प्रतीत जाणार. गेला दुसऱ्यात, आणि मी भावात जवळजवळ निम्मा खाली आलो. खरेदीदाराच्या माणसानं दुभाष्यामार्फत मला दोनच प्रश्न विचारले. हा गळावर किती वेळ होता, आणि डेकवर आल्यापासून बर्फात जाईपर्यंत किती वेळ गेला? मला उत्तर देता आलं नाही. त्यानं मांसाच्या कडेला असलेली फिकट पट्टी बोटानं दाखवली. चाळीसेक मिनिटं, तो म्हणाला. परत येऊन मी वही काढली, खलाशांना विचारलं. दोरात दोर अडकल्यामुळं त्या दिवशी मासा सावलीत का होईना, अर्धा-पाऊण तास पडून होता. टोकियोतला माणूस फिजीतल्या डेकवरचं घड्याळ सांगत होता. त्या दिवसापासून आमच्या बोटीवर प्रत्येक माशाला नंबरची चिठ्ठी आणि वहीत वेळ.

बैठकीत तुम्ही पडद्यावर ती बातमी दाखवलीत, २०१९ च्या जानेवारीत एका माशाला ३३ कोटी ३६ लाख येन. टाळ्या पडल्या. तो २७८ किलोचा ब्लूफिन जातीचा ट्यूना होता, जपानच्या उत्तरेकडचा, आणि वर्षातल्या पहिल्या लिलावाचा. ती बोली माशाची कमी आणि हॉटेलवाल्याच्या जाहिरातीची जास्त. आपल्या समुद्रात तो मासा नाही. महाराष्ट्र केसरीच्या फडात चांदीची गदा मिळते म्हणून प्रत्येक तालमीतल्या पोराच्या नावावर गदेची किंमत जमा धरून कर्ज काढाल का? ती पाटी अहवालातून काढा.

ताजा ट्यूना बहुतेक प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. याचा अर्थ काय, ते मला १९ मे २००० ला कळलं. फिजीत उठाव झाला, पंतप्रधानांना संसदेतच ओलीस धरलं. समुद्रात काहीच झालं नव्हतं, मासा होता तिथंच होता. पण पर्यटक गायब झाले, पर्यटक नाहीत म्हणून विमानं कमी झाली, आणि विमानं कमी म्हणून सुव्याच्या धक्क्यावर आमचे खोके पडून राहिले. सुव्यापासून नाडीचा विमानतळ ट्रकनं चार तास. दोनदा ट्रक विमानतळावरून परत आला. तो मासा शेवटी डबाबंद कारखान्याला मातीमोल दरानं घातला. धंदा सुरू करून वर्षही झालं नव्हतं. तरी तगलो. २००८ च्या जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरवर गेलं तेव्हा मात्र नाही तगलो. लाँगलाइनची बोट डिझेल पिते. दोन बोटी तीन महिने नांगरून ठेवल्या आणि मग विकल्या. उरलेले पैसे घेऊन सेशेल्सला गेलो, तर तिथं सोमाली चाचे. माशांच्या थव्याभोवती जाळ्याचा वेढा टाकणाऱ्या मोठ्या युरोपीय पर्ससीन बोटींनी बंदूकधारी पहारेकरी घेतले. आमच्यासारख्या छोट्यांना ते परवडणारं नव्हतं, आणि पश्चिमेकडच्या चांगल्या पाण्यात जायची हिंमत खलाशी करेनात. त्यांचं बरोबरच होतं. तो धंदा बुडाला. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, अजून दुखतं.

टिकला तो मालदीवचा. आणि त्या धंद्यात आमच्या मालकीची मासे धरणारी एकही बोट नव्हती.

मालदीवचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकेक मासा काठीनं किंवा हातदोरानं धरतात. जाळ्यानं ट्यूना धरायला तिथं मनाई आहे. त्यांच्या धोणी, म्हणजे होड्या, स्वतःच्या, समुद्र त्यांना पाठ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विमानानं जाणाऱ्या पिवळ्या परांच्या माशाला मागणी वाढली, तेव्हा आम्ही दोघा स्थानिक भागीदारांबरोबर एवढंच केलं. बर्फाचं यंत्र बसवलं, धोणींना निघताना बर्फ उधार दिला, मारायची रीत शिकवली, धक्क्यावर सावलीत काटा लावला. मासा आला की गाभ्याचं तापमान बघायचं, शेपटीची चकती बघायची, प्रत ठरवायची, आणि ती धोणीवाल्याच्या समोर वहीत लिहायची. पहिल्या प्रतीला वेगळा दर, तिसरीला वेगळा. आठवड्याला हिशेब चुकता. सहा महिन्यांत जे धोणीवाले बर्फाचे खोके बसायला वापरायचे, ते जास्त बर्फासाठी भांडायला लागले.

आता मला सांगा, हे तुम्हाला ओळखीचं वाटत नाही? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे दूध संस्थेच्या दारात जाऊन उभे राहा. किटली घेऊन आलेल्या बाईचं तीन लिटरही मोजलं जातं, फॅट लागते, चिठ्ठी तिच्या हातात पडते, दहा दिवसांनी बिल. पाणी घातलं तर शेजारणीसमोर कळतं. आणि ते दूध तापायच्या आत शीतकेंद्रात जाऊन चार अंशांवर येतं. गोकुळ १९६३ पासून हेच करतंय, वारणा करतंय. जगातल्या कितीतरी मासेमार बंदरांना जी शिस्त लावता लावता नाकी नऊ आले, ती आपल्या गावागावात अंगवळणी पडलेली आहे. मी फिजीच्या सुव्यात, सेशेल्सच्या माहेत, मालदीवच्या मालेत परक्या लोकांना हेच शिकवत बसलो आणि मनात म्हणायचो, आमच्या आत्याला इथं आणलं असतं तर आठवड्यात सगळ्यांना सरळ केलं असतं. ती बत्तीस वर्षं संस्थेत दूध घालत होती आणि मापात थेंब सोडायची नाही.

तुम्ही मात्र दुधाचा हा वारसा सोडून उसाचा उचलला आहे. चार मोठ्या बोटी म्हणजे कारखाना. कारखाना उभा राहिला की तो चालवायला माल पाहिजे, माल आणायला टोळ्या पाहिजेत. अहवालात एक ओळ आहे, "कुशल मनुष्यबळ एजन्सीमार्फत उपलब्ध होईल." ही ओळ वाचून मी चहा खाली ठेवला.

उसाच्या फडात बीडकडून येणारी जोडपी आपण लहानपणापासून बघतो. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. ऊसकरी सभासद असतो, तोडणारा नसतो. समुद्रावर हाच खेळ आहे, फक्त फडातून रात्री पळून जाता येतं आणि बोटीवरून येत नाही. १९८६ साली मी एका एजंटाकडून उचल घेऊन चढलो. पहिले आठ महिने पगाराचा एक पैसा घरी गेला नाही. पासपोर्ट कॅप्टनच्या कपाटात. मासा भर समुद्रात दुसऱ्या जहाजावर चढवायचे, तिथूनच डिझेल आणि तांदूळ घ्यायचे, त्यामुळं बंदर दिसायचंच नाही. एक फिलिपिनो पोरगा तापानं फणफणला होता, त्याला किनाऱ्यावर न्यायला बारा दिवस लागले. वाचला. मासेमारीतल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार २००७ साली झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडलं, म्हणजे मी घरी परत आलो ते साल.

आणि मीसुद्धा धुतल्या तांदळासारखा नाही. फिजीत पहिल्या वर्षी मी खलाशांना ठरलेला पगार दिला, वर उचलही दिली, म्हटलं माणसं बांधून राहतील. माणसं राहिली, पण मासा डेकवर आपटायचे. त्यांचं काय जात होतं? टोकियोहून आल्यावर मी वाटा सुरू केला. डिझेल, आमिष, बर्फ यांचा खर्च जाऊन उरलेल्यात बोटीचे इतके, तांडेलाचे म्हणजे बोटीच्या म्होरक्याचे इतके, खलाशांचे इतके, आणि पहिल्या प्रतीच्या माशावर वेगळं बक्षीस. मग गादी कुणीतरी सांगायच्या आधी धुतलेली असायची. मी काही नवा शोध लावला नव्हता. मालवणच्या रापण संघात, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मंडळींत, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, कुणाचा पूर्ण, कुणाचा अर्धा. आपला सहकार कायद्याच्या कागदावर यायच्या आधीपासून तो वाळूत होता.

म्हणून माझी मागणी अशी आहे. संस्थेच्या सभासदांत निम्म्याहून जास्त माणसं प्रत्यक्ष मासे धरणारी असू द्या, आणि संचालक मंडळात तांडेल बसू द्या. कोल्हापूरचा पैसा लागेल, नाही कोण म्हणतंय. त्याला व्याज द्या, नफ्यातला भाग द्या. पण मासा कुणाच्या हातून मरतो आणि दर कोण ठरवतो, या दोन गोष्टी घाटावरून चालवायला जाऊ नका.

तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावरचे लोक आपल्याला येऊ देतील का? याचं उत्तर तुम्ही काय घेऊन जाता त्यावर आहे. त्यांची स्मरणशक्ती दांडगी असते. नव्वदच्या दशकात परदेशी बोटींच्या विरोधात देशभरच्या मच्छीमारांनी बंद केले, मच्छीमारांचे नेते थॉमस कोचेरी उपोषणाला बसले, सरकारला मुरारी समिती नेमावी लागली आणि १९९६ साली त्या समितीनं असले परवाने रद्द करा म्हणून सांगितलं. ज्या बोटींच्या विरोधात हे चाललं होतं, तसल्याच एका बोटीवर मी सहा-सात वर्षं काढली होती. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून रापणकरांचं काय चाललंय ते रोज पेपरात येतं. त्यात कोल्हापूरहून चार बोटी येऊन उभ्या राहिल्या तर तुमचं स्वागत नारळानं होणार नाही, किंवा नारळानंच होईल. तेच बर्फाचं यंत्र आणि काटा घेऊन गेलात तर बसायला खुर्ची मिळेल.

बोट लागेलच कधीतरी. ती चालवायला थुथूरची माणसं आणा. कन्याकुमारी जिल्ह्यातली ही गावं आपल्या देशातली सगळ्यात पल्लेदार मासेमार. मुशीच्या मागं गळ टाकत ती कुठून कुठं जातात, आणि ट्यूनावरही त्यांचा हात बसलाय. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात दक्षिणेकडच्या साठाहून जास्त बोटी देवगडच्या आसऱ्याला आल्या होत्या, तेव्हा मी मुद्दाम घाट उतरून बघायला गेलो. आपल्या माणसांनी त्यांना जेवू-खाऊ घातलं. त्यांच्या गावांत मात्र त्या आठवड्यात घरटी रडारड होती. कितीतरी जण परतलेच नाहीत. त्यांच्या तांडेलांना एजन्सीची माणसं म्हणून आणू नका. त्यांच्याशी करार करा, वाट्यानं.

आणि बोटीचा जमाखर्च मांडताना हे धरा. हजार-बाराशे गळांची दोरी पन्नासेक किलोमीटर पसरते. सोडायला तीन-चार तास, ओढायला रात्र. शंभर गळांना एक चांगला मासा आला तर आम्ही तांडेलाला चहा करून द्यायचो. तुमच्या अहवालात शंभराला चार धरलेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या ६१ दिवसांत बँकेचं व्याज काही बंद होत नाही. बर्फातला मासा फार तर दोन आठवडे, म्हणजे फेरी त्याहून लांबवता येत नाही. कासवं लागतात, त्यासाठी गोल वळणाचे गळ घ्या, चार पैसे जास्त जातील. आणि पहिल्या दिवसापासून लॉगबुक लिहा. शेजारच्या श्रीलंकेचा मासा युरोपनं जानेवारी २०१५ पासून घ्यायचा थांबवला, कारण बोटी कुठं जातात आणि काय आणतात याचा धड हिशेब नव्हता. ती बंदी उठायला पुढच्या वर्षाचा जून उजाडला. दीड वर्ष. ज्यांनी सगळं नीट केलं होतं, तेही त्यात भरडले गेले.

एक गोष्ट मला मनापासून आवडली असती आणि ती तुमच्या अहवालात नाही. दोर ओढायचं हायड्रॉलिक यंत्र, दोर गुंडाळायचा मोठा रीळ, पत्र्याच्या गार पेट्या, हे सगळं तुम्ही बाहेरून मागवणार आहात. अहो, उद्यमनगर कशासाठी आहे? ज्या गावानं ऑइल इंजिनं ओतली त्या गावाला एक लाइन हॉलर जमणार नाही? सुव्यात आमचा हॉलर बिघडला की परदेशातून सुटा भाग यायला महिना जायचा. मी मनातल्या मनात शिरोलीच्या फाउंड्रीत तो किती दिवसांत ओतून मिळाला असता याचा हिशेब करायचो. दहा दिवस. फारतर बारा.

तर पैसा आधी इथं घाला. मालवण किंवा रत्नागिरीत एक सावलीचा धक्का, बर्फाचं यंत्र, गार पाण्याच्या टाक्या, काटे, थर्मामीटर, आणि प्रत ठरवणारी दोन माणसं शिकवून तयार करा. एक हंगाम दुसऱ्यांच्या बोटींचा मासा प्रतीवर घ्या. गिऱ्हाईक मुंबईत शोधा, गोव्यात शोधा. जपानची घाई नको. हंगामाच्या शेवटी वही उघडा. त्या वहीत पहिल्या प्रतीची पानं भरलेली दिसली तर बोटीचं टेंडर काढा, मी स्वतः गोदीत येऊन लाकूड-लोखंड तपासून देतो, एक रुपया घेणार नाही. पानं कोरी असली तर १ कोटी २० लाख गुणिले चार वाचले असं समजा.

पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे असं ऐकतो. त्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं दोन कुपे आणणार आहे. एक माझ्या ओळखीच्या तांडेलानं मी सांगितलं तसा मारून बर्फात घातलेला, दुसरा लिलावातला, जसा मिळेल तसा. दोन्ही एकाच आकाराचे बघून. पोकळ सळई माझ्याकडं अजून आहे, जरा गंजलीय, घासून ठेवतो. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कापू, तुम्ही हात लावून बघा, वास घ्या, आणि मग आचाऱ्याला दोन्हींचं वेगवेगळं कालवण करायला सांगा. मला वेळ दिलात तर जेवणाच्या आधी द्या. आणि हॉलवाल्याला सांगून पन्नास किलो बर्फाची सोय तेवढी करून ठेवा.

आपला,
पंचगंगेकाठचा एक म्हातारा खलाशी
कोल्हापूर